अकरा मिनिटांचं नॉर्थ कॅरोलिना

अमेरिकेत बहिणीकडं पाहुणा म्हणून गेलेल्या भावाला दोनच कामं असतात. डिशवॉशरमध्ये भांडी लावायची, आणि तीच भांडी बहीण पुन्हा बाहेर काढून नीट लावते ते बघत उभं राहायचं. न्यू जर्सीतल्या एडिसन गावी आक्काकडं माझं हे व्यवस्थित चाललं होतं. तेवढ्यात दाजी म्हणाले, "शुक्रवारी नॉर्थ कॅरोलिनाला निघायचंय. पोरीची फुटबॉलची टूर्नामेंट आहे. तूही चल, सामान उचलायला माणूस पाहिजे."

माझं फुटबॉलचं ज्ञान कुणी विचारातच घेतलं नाही. मी कोल्हापूरचा. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या टीम समोरासमोर आल्या की जिथला रिक्षावाला स्टेशनचं भाडं नाकारतो आणि रिकामी रिक्षा घेऊन स्वतःच शाहू स्टेडियमला जातो, त्या गावचा. शाळेच्या टीममध्ये मी गोलकीपर होतो. गोलपोस्टची रुंदी आठ यार्ड असते आणि त्यातली बरीचशी मी नुसता उभा राहून भरून काढायचो.

आमच्याकडं खेळाडू हेरायची रीत सरळ आहे. तालमीतलं कुणीतरी मोटारसायकलवरनं मैदानावर येतं, पोराला दहा मिनिटं बघतं आणि म्हणतं, "उद्यापासनं आमच्याकडं ये." पोरगं घरी सांगतं. घरचे म्हणतात, "त्या पेठेकडनं खेळलास तर जेवायलापण तिकडंच जा." झालं रिक्रूटिंग.

अमेरिकेत कॉलेजच्या टीमसाठी हेच काम दोन-अडीच वर्षं चालतं, आणि त्याची एक्सेल शीट असते. आक्काच्या शीटमध्ये कॉलेजांची नावं, कोचचे ईमेल आणि प्रत्येक ओळीला रंग होता. हिरवा म्हणजे उत्तर आलं. पिवळा म्हणजे उत्तर आलं, पण त्यांच्या कँपला पैसे भरून या असं. पांढरा म्हणजे काहीच नाही. एकूण शीट हळदीत बुडवून काढल्यासारखी दिसत होती. भाची आत्ताच दहावी झालेली, म्हणजे इथल्या भाषेत 'क्लास ऑफ २०२८', आणि तीही गोलकीपर. हा गुण आमच्या घराण्यातून गेला असं मी म्हणालो, त्यावर कुणी काही बोललं नाही.

"आणि एक ऐक," गाडीत बसतानाच आक्का म्हणाली. "हे सगळं कांदेपोह्याच्या कार्यक्रमासारखं आहे असं इंडियातनं आलेला प्रत्येक माणूस म्हणतो. तू म्हणालास तर टर्नपाइकवर उतरवीन."

तोंडाशी आलेलं वाक्य मी चहाच्या घोटाबरोबर गिळलं. पुढचा पाचएकशे मैलांचा रस्ता बोलायला विषयच उरला नाही.

न्यू जर्सीच्या त्या टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या हायवेवर, विश्रांतीच्या जागांना मोठ्या माणसांची नावं दिलेली आहेत. थॉमस एडिसन झाला, मॉली पिचर झाली आणि चेरी हिलजवळ चक्क वॉल्ट व्हिटमन. एवढा मोठा कवी, आणि लोक त्याच्याकडं लघवीला थांबतात. आपल्या पुणे-बंगळूर हायवेवर 'केशवसुत स्वच्छतागृह' काढलं तर किती मोर्चे निघतील याचा हिशेब करत मी बर्गर खाल्ला. याच राज्यात १९४९ पासून स्वतःच्या हातानं पेट्रोल भरायला कायद्यानं बंदी आहे; पंपावर माणूस येऊन भरतो. हे अमेरिकेतलं एकमेव राज्य जिथं मला घरच्यासारखं वाटलं. पुढं डेलावेअर आलं आणि गेलं. वॉशिंग्टन पाटीवर पाहिलं. व्हर्जिनियाभर मी झोपलो होतो. ते सुंदर आहे म्हणतात.

शनिवारी सकाळी रालेजवळ केरी गावात पोचलो तर नजर जाईल तिथवर फुटबॉलची मैदानं. प्रत्येक मैदानाच्या कडेला फोल्डिंगच्या खुर्च्यांवर कॉलेजचे कोच. कुणाचा शर्ट केशरी, कुणाचा आकाशी, छातीवर कॉलेजचा शिक्का, मांडीवर वही. आमच्या गोलमागं असे सातजण येऊन बसले आणि आक्कानं माझं मनगट धरलं. मी पाहुणचाराच्या भावनेनं पुढं होऊन एकाला म्हटलं, "गुड मॉर्निंग! आय ॲम मामा." त्यानं आकाशाकडं पाहिलं. उद्धटच वाटला मला. मग भाचीनं दटावलं, "मामा, त्यांना आता बोलायची परवानगी नाही!"

नियम असा की डिव्हिजन वनच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळातल्या सगळ्यात वरच्या गटाच्या, कोचनं दहावी संपलेल्या वर्षीच्या १५ जूनपर्यंत मुलीला फोन करायचा नाही, तिच्या ईमेलला खरं उत्तर द्यायचं नाही. फार तर कँपची जाहिरात पाठवायची. १५ जूनपासून फोन, मेसेज चालतात. पण कॉलेजबाहेर समोरासमोर बसून बोलणं १ ऑगस्टपासून. म्हणजे जूनच्या शेवटी तो माणूस भाचीला फोन करू शकत होता, पण दहा फुटांवर उभ्या असलेल्या तिच्या मामाला 'मॉर्निंग' म्हणायला घाबरत होता. ज्यानं हे नियम केले त्याला माझा साष्टांग नमस्कार.

गोलकीपरच्या आईची अडचण मला मैदानावर गेल्यावरच कळली. पोरीची टीम चांगली असेल तर बॉल गोलपर्यंत येतच नाही, आणि बॉल आला नाही तर कोच वहीत लिहिणार काय? बाकीच्या आया "गो गर्ल्स!" म्हणून ओरडत होत्या. आक्का माझ्या कानात कुजबुजत होती, "अरे देवा, त्या डाव्या बाजूच्या पोरीला जरा चुकू दे की. एकदाच. गोल नको, नुसता शॉट येऊ दे."

पण बचाव फार मजबूत होता. अकरा मिनिटांत भाचीकडं एकच बॉल आला, तोही स्वतःच्याच खेळाडूनं मागं दिलेला. तिनं तो डाव्या पायानं लांब मारला. आकाशी शर्टवाल्यानं वहीत काहीतरी लिहिलं.

आणि मग गडगडलं.

भोंगा वाजला. माइकवरनं हुकूम सुटला, सगळ्यांनी आपापल्या गाडीत. क्षणात मैदान रिकामं. फक्त मी उरलो. दाजींनी मला बसायला दिलेली ती कँपिंगची खुर्ची माणसाला आत घेते, बाहेर सोडत नाही. कोपरापाशी पाण्याच्या बाटलीला जागा होती, उठायला कुठं हात टेकायची सोय नव्हती. थेंब टपोरे पडायला लागले. शेवटी विरुद्ध टीममधल्या कुणा पोरीच्या आजोबांनी मला हाताला धरून उपसलं, आणि आम्ही दोन म्हातारे पार्किंगकडं पळालो. मी पन्नाशीतला आहे, पण त्या क्षणी म्हाताराच होतो.

गाडीत आम्ही चौघं, भाचीच्या टीममधल्या दोन भिजलेल्या पोरी, दोन बॉल, सहा बूट आणि त्या बुटांचा वास. नियम असा की शेवटच्या गडगडाटापासून तीस मिनिटं मोजायची. मध्ये पुन्हा वाजलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. पहिल्यांदा सव्वीस मिनिटं झाली आणि गडगडलं. पुढच्या वेळी एकोणतीस. पोरी अक्षरशः किंचाळल्या. वरनं कुणीतरी मुद्दाम करतंय असा दाजींचा संशय होता. आक्काचा संशय माझ्यावर होता, कारण मान्सून सोडून आलेला मी एकटाच.

"आमच्याकडं," मी म्हणालो, "पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावरनं वाहती, तरी पोरं मैदानात असत्यात."

"आणि वीज पडली तर?" भाची.

"पडत न्हाई."

"मामा, याला डेटा म्हणत नाहीत."

वेळ घालवायला दाजींनी स्वतः बनवलेला भाचीचा हायलाइट व्हिडिओ दाखवला. चार मिनिटांचा. कोचला पहिल्या तीस सेकंदांत काही दिसलं नाही तर तो पुढं बघत नाही, म्हणून सगळ्यात भारी सेव्ह आधी. प्रत्येक क्लिप सुरू होताना भाचीभोवती लाल गोल. गोलकीपर आहे, हातात मोजे आहेत, शर्ट सगळ्यांहून वेगळ्या रंगाचा आहे, तरी लाल गोल. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून हे केलंय, असं दाजी अभिमानानं म्हणाले. आवाज मात्र बंद होता. का, ते भाचीनं मूळ क्लिप लावून ऐकवलं. त्यात सबंध वेळ आक्काचा आवाज होता: "सोड गं! अगं सोड! पुढं ये की, पुढंऽऽ!"

काचेतनं आक्का पार्किंग न्याहाळत होती. "केशरी गेला," ती म्हणाली. थोड्या वेळानं, "ते दोघं पांढरेपण." विमानं गाठायची असतात कोचना. भाड्याच्या गाड्या एकेक करून चिखलातनं बाहेर पडत होत्या. सगळ्यात शेवटी आकाशी शर्ट गेला, एका लांब मारलेल्या बॉलबद्दलची त्याची ती ओळ घेऊन. काय लिहिलं असेल यावर दाजी आणि आक्का यांच्यात जी चर्चा झाली ती ऐकून मला मराठी समीक्षेबद्दल नव्यानं आदर वाटला.

याच वेळी मी खर्च विचारायची चूक नव्हे, हिंमत केली. क्लबची वर्षाची फी, किट, प्रवास, कँप, आणि टूर्नामेंटवाले सांगतील त्याच हॉटेलात राहायची सक्ती. आकडा ऐकून मी त्याला रुपयांनी गुणलं आणि गप्प झालो. आणि हे सगळं स्कॉलरशिपसाठी म्हणावं, तर अगदी काल-परवापर्यंत डिव्हिजन वनच्या मुलींच्या संघाला जास्तीत जास्त १४ स्कॉलरशिप, त्याही बऱ्याच जणींत वाटलेल्या. कॉलेज-खेळाडूंच्या खटल्यातल्या २०२५ च्या समझोत्यानंतर, तो स्वीकारलेल्या कॉलेजांत ती मर्यादा गेली, त्याऐवजी संघच जास्तीत जास्त २८ जणींचा झाला, म्हणजे बाकावर बसायलाही जागा कमी. आयव्ही लीगवाले खेळासाठी पैसे देत नाहीत. डिव्हिजन थ्रीवालेही नाहीत. हायस्कूलला फुटबॉल खेळणाऱ्या मुली साडेतीन लाखांच्या वर, आणि गोलमध्ये एका वेळी एकच उभी राहते.

मला राग आला. ज्या पोरीच्या बापाला शनिवारी दुकान उघडावं लागतं, जिच्या आईला रविवारी ड्यूटी असते, ती पोरगी कितीही झेपावली तरी तिच्या गोलमागं खुर्ची लागणार नाही. आमच्या तालमीचा मोटारसायकलवाला निदान फुकट यायचा. हे मी मोठ्यानं बोललो असणार, कारण दाजी म्हणाले, "खरं आहे. पण मग काय करायचं, घरी बसायचं?" त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मागच्या सीटवर त्या दोघी झोपल्या होत्या. भाची काचेवर बोटानं रेघोट्या मारत होती. तिनं हळूच विचारलं, "मामा, तू किपर होतास ना? बॉल येतच नाही तेव्हा तू काय करायचास?"

"पोस्टला पाठ लावून शेंगा खायचो."

ती हसली. मग म्हणाली, "मी मोजते. आमच्या डिफेंडर कुठं आहेत, किती पावलं. नाहीतर डोक्यात दुसरं काही येतं." दुसरं काय, ते तिनं सांगितलं नाही. आक्कानं मला आधीच सांगितलं होतं. १४ जूनच्या रात्री पोरगी उशाशी फोन घेऊन जागी होती, कारण बारा वाजले की कोच फोन करतात असं मैत्रिणी म्हणत होत्या. आक्का-दाजी पलीकडच्या खोलीत झोपल्याचं सोंग घेऊन पडले होते. बाराला फोन वाजला. तिघंही ताडकन उठून बसले. कोल्हापुरात सकाळचे साडेनऊ झाले होते आणि कोचचा फोन आला का, हे विचारायला मी तो केला होता.

"तुझाच आला तेवढा," भाची आता म्हणाली, आणि माझ्या ओल्या खांद्याला टेकून डोळे मिटले. मी पुढचा गडगडाट होईपर्यंत हललो नाही. पाय आखडला, तरी.

दुपारी चारला त्या दिवसाचं सगळं रद्द झालं. जवळच चॅपल हिल आहे म्हणून जाऊन आलो. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या मुलींनी फुटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद वीसहून जास्त वेळा मिळवलंय, फुटबॉलपटू मिया हॅम इथंच शिकली, आणि मैदानाला त्यांच्या माजी कोचचं, ॲन्सन डॉरन्स यांचं नाव. विद्यापीठातल्या जुन्या विहिरीच्या घुमटीपाशी फोटो काढला. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत.

रविवारी सकाळी सातला आखूड केलेली मॅच ठेवली. मैदानात पाणी, आणि गोलमागं एकच खुर्ची. त्या खुर्चीत पायापर्यंत प्लास्टिकचा रेनकोट घातलेली एक आकृती, टोपी नाकापर्यंत. "डिव्हिजन थ्री," दाजी कुजबुजले. "पेनसिल्व्हेनियातलं छोटं कॉलेज आहे. पण हा माणूस थांबला बघ."

आमची ती डावीकडची भक्कम पोरगी रात्रीच्या पिझ्झ्यानं आजारी पडली होती, आणि देवानं आक्काचं शनिवारचं गाऱ्हाणं एक दिवस उशिरा, पण व्याजासकट ऐकलं. बॉल येतच राहिला. भाची चिखलात डावीकडं झेपावली, उजवीकडं झेपावली, एक पायानं काढला, एक पोस्टला बोटं लावून बाहेर ढकलला. शेवटी ०-३ नं हरलो. आक्का एवढी खूश मी तिच्या लग्नातही पाहिली नव्हती. बाकीच्या आया आमच्याकडं ज्या नजरेनं बघत होत्या, त्यावरून गाडीकडं लवकर निघालेलं बरं असं मी सुचवलं.

ईमेल व्हर्जिनियात आला. रेनकोटवाल्याचाच. खेळ आवडला, विशेषतः तिसऱ्या गोलनंतरचा, असं लिहिलं होतं. आत्तापर्यंतची मार्कलिस्ट पाठवावी म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात ॲडमिशनवाल्यांकडून आधी चाचपून घेता येईल.

"म्हणजे एवढं करून फी पूर्ण?" दाजींनी स्टिअरिंगला विचारलं.

"मार्कांवर मदत देतात," आक्का म्हणाली. "उत्तर लिही आधी. 'रिस्पेक्टेड सर' घाल."

"आई, ती बाई आहे. नाव वाच."

आदल्या दोन तासांत आम्ही तिघा मोठ्यांनी त्या माणसाचं वय, स्वभाव आणि तो स्वतः किती चांगला गोलकीपर असेल हे सगळं ठरवून टाकलं होतं.

"मग 'रिस्पेक्टेड मॅडम'."

"'हाय कोच' लिहितात."

"'आपली कृपाभिलाषी' शेवटी टाक," मी म्हणालो. कुणी दखल घेतली नाही.

"आणि ती मार्कलिस्ट आत्ताच जोड," दाजी म्हणाले.

मागून उत्तर आलं नाही. आरशात पाहिलं तर भाची मैदानावर बॉल आल्यावर होते तशी एकदम सावध झाली होती.

"बाबा, त्यात केमिस्ट्रीपण दिसते का?"

आक्का पट्टा ताणून पूर्ण मागं वळली. "केमिस्ट्रीत काय झालंय?"

वॉशिंग्टनची पाटी पुन्हा आली आणि गेली. फुटबॉलचा विषय घरापर्यंत निघाला नाही.