पावणेतीन एकरांचे जमीनदार

अमेरिकेत पंचवीस वर्षं कोड लिहून पन्नाशीला टेकलेल्या मराठी माणसाच्या अंगात एक दिवस आजोबांची शेती संचारते. मग तो ओहायोत, गावाबाहेर, पावणेतीन एकर घेतो आणि त्यात गवत लावतो. ते वाढावं म्हणून खत घालतो; वाढलं की कापायला केशरी कुबोटा ट्रॅक्टर घेतो. या पिकाचा उतारा काय पडतो, हे विचारायचं नसतं.

गवत हे तसं निमित्तच. साहेबांचा खरा जीव ट्रॅक्टरच्या पोटाखाली साठ इंची डेक, म्हणजे गवत कापणाऱ्या पात्यांची पेटी, बसवण्यात. पाहुणे आलेले असतात बटाटेवडे खायला. वरात निघते गॅरेजकडे. चावी काढून खिशात, पुढची चाकं पार वळवलेली, डेक बाजूनं आत सरकवलेला. आता पीटीओ शाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या जोरावर पाती फिरवणारा दांडा. साहेब आडवे होऊन खाली शिरतात. कॉलर मागे ओढून धरायची आणि खाचा जुळेपर्यंत शाफ्ट हातानं फिरवत राहायचं. बाहेर नुसते पाय दिसतात, आतून आवाज येतो, "अरे, जरा इकडे ढकला... इकडे म्हणजे माझ्या इकडे!" खट्! साहेब कोपराला ग्रीस माखून बाहेर येतात आणि लक्षात येतं, मागची पिन सापडत नाहीये. मग तीन पीएच.डी. गॅरेजभर रांगतात.

"हिरव्या जॉन डिअरला म्हणे असा डेक मिळतो, की ट्रॅक्टर नुसता वरून न्यायचा, आपोआप जोडला जातो," मी एकदा बोलून गेलो. होळीला फ्रोझन पुरणपोळी मागितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

जोडून झालं तरी सुटका नाही. पाती डावी-उजवीकडे सारखी हवीत, पुढून मात्र पाव इंच खाली. साहेब टेप घेऊन मोजतात, नट फिरवतात, पुन्हा मोजतात. समोरचे अमेरिकन आजोबा एव्हाना आपलं सगळं आवार कापून बिअर घेऊन बसलेले असतात.

"वाढू का?" वहिनी दारातून पुन्हा विचारतात. त्यांना उत्तराची अपेक्षा नसावी, कारण वडे तळून कधीच झालेले असतात.

अखेर चावी लागते, तीनही पाती घरघरतात आणि नेमका पाऊस येतो. ओलं गवत कापलं तर डेकमध्ये गोळे होऊन बसतात, तेव्हा आज कापणी रद्द. आम्ही हळहळतो. साहेबांचा चेहरा मात्र खुलतो.

"बरं झालं," ते बाह्या सरसावत म्हणतात, "डेक काढून पात्यांना धारच लावून टाकू!"