एक बेदाणा, पाच मिनिटं

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, ताण हलका करणारे ध्यानाचे वर्ग सुरू केले. त्यातला सगळ्यात गाजलेला धडा एका बेदाण्याचा. दाणा तळहातावर घ्यायचा, सुरकुत्या बघायच्या, हुंगायचा, जिभेवर ठेवून थांबायचं आणि मग सावकाश चावायचा. आज जगभर सजगतेचे अनेक वर्ग ह्या दाण्यापासून सुरू होतात. आणि बेदाण्याची देशातली मोठी बाजारपेठ आपल्या तासगाव-सांगलीत! तरी आपण बेदाणा खातो तो मुठीनं, बोलता बोलता, दुसरीकडेच बघत.

खरं तर ह्या दाण्याची कदर आपल्याला सगळ्यात जास्त हवी. साधारण चार किलो द्राक्षं सुकली की किलोभर बेदाणा हाती येतो. द्राक्षं द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरली की दोन-तीन आठवडे बागायतदाराचा जीव आभाळाला टांगलेला. अवकाळीचा एक शिडकावा झाला तरी माल काळवंडतो. आणि सौद्यात तोच बेदाणा बघायला म्हणून उचलतात आणि पायाखाली उधळतात. ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे, आणि रास्त आहे.

अशा धास्तीच्या दिवसांत माणूस भुकेपोटी खातच नाही. ढग आले की भडंगाची पुडी फुटते. दर पडला की चहावर चहा, बरोबर खारी. कर्जाच्या हप्त्याची तारीख जवळ आली की रात्री अकराला डबे उघडले जातात. नोकरदाराचंही तेच, परीक्षेला बसलेल्या पोराचंही तेच.

इथे ध्यान उपयोगी पडतं, आणि त्यासाठी डोंगरावर जायला नको. हात डब्याकडे गेला की तिथेच थांबा. चार श्वास घ्या. मागणी नेमकी कुठून येतेय, पोटातून की छातीतल्या धडधडीतून? पोटाची भूक हळूहळू चढते आणि भाकरी-पिठल्यावर भागते. मनाची वखवख एकदम उसळते, तिला साताऱ्याचा कंदी पेढाच लागतो आणि चार पेढ्यांनीही ती शमत नाही. राग आहे, कंटाळा आहे, एकटं वाटतंय की भीती, ते मनातल्या मनात स्पष्ट म्हणा. मग पेढा खावासा वाटला तर जरूर खा. बसून, एक, चव घेत. अपराधी वाटून घेऊ नका, कारण त्या अपराधीपणापायीच पुढचे तीन खाल्ले जातात.

घासाआधी थांबणं आपल्याला परकं नाही. पानाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालणारी माणसं अजून आहेत, आणि श्लोक म्हटल्याशिवाय घास न घेणाऱ्या पंगतींत आपण वाढलो. आता पानाशेजारी मोबाइल उभा असतो. तो उचला तिथून.

‘ध्यानानं दहा किलो घटवा’ म्हणणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. आजवरच्या अभ्यासांत ह्या पद्धतीचा गुण दिसतो तो ताणात खाण्यावर आणि बकाबका खाण्यावर. वजनाच्या काट्याची खात्री कुणी देऊ शकत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर ध्यानाच्या नावाखाली जेवण चुकवू नका.

आणि घरातल्या बाईला हा उपदेश करायला कुणी निघालंच, तर आधी स्वयंपाकघरात डोकवावं. सगळ्यांची पानं उठल्यावर ती जेवते. पोराच्या ताटातली अर्धी भाकरी, पातेल्याच्या तळाची आमटी, वाया जाऊ नये म्हणून कालचा भात. कधी ओट्याशी उभ्यानंच. पोट भरलंय की नाही, हे तिला कुणी विचारत नाही, आणि वर पाहुण्यांना ‘अजून एक, माझ्या हातची’ म्हणून वाढायचं कामही तिचंच. तिला सजगतेनं खा म्हणणं हा अन्याय आहे. तिचं पान सगळ्यांबरोबर वाढा. ती बसली की उरलेल्या भाकऱ्या घरातल्या पुरुषांनी थापाव्यात. वेड्यावाकड्या झाल्या तरी चालतील.