दोरीबाहेरचे प्रशिक्षक

महाविद्यालयीन कबड्डीचा प्रशिक्षक एकाच वेळी दोन सामने खेळत असतो, एक समोरच्या संघाशी आणि दुसरा दोरीबाहेर बसलेल्या प्रेक्षकांशी. पहिला चाळीस मिनिटांत संपतो, तर दुसऱ्याला पंच नसल्यामुळे तो संपतच नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्येही पुरुषांच्या सामन्यात 20 मिनिटांचे दोन डाव असतात आणि अखेरीस कोणते पाच खेळाडू मैदानात ठेवले यावरून प्रशिक्षकाची हजेरी घेतली जाते. परंतु तेथे खेळाडू हवे तितक्या वेळा बदलता येत असल्याने त्याला सबब उरत नाही. कबड्डीत बाद झालेल्या गड्याच्या जागी राखीव गडी उतरवता येत नाही, ही सबब नियमानेच दिली असली तरी सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळच्या बाजूला ती कोणी मान्य करत असल्याचे दिसत नाही, आणि "सर, त्याला काढा की आता!" असा पुकारा बहुधा आधीच बाद होऊन बाहेर बसलेल्या गड्याविषयीच होतो.

वादाचे मूळ अंकगणितात आहे. चढाई, म्हणजे एकट्याने प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणात जाऊन गडी टिपून परतणे, 30 सेकंदांत उरकावी लागते. एका गुणाची आघाडी असताना तीन मिनिटे उरली आणि दोन्ही संघांनी मुदत पुरेपूर वापरली, तर प्रत्येकाच्या वाट्याला तीन चढाया येतात. आघाडीवरच्या संघाने पहिल्या दोन वेळ काढण्यात घालवल्या की तिसरी 'करो या मरो' ठरते, म्हणजे तीत गुण न मिळाल्यास चढाईपटूच बाद होतो, समोरच्यांना एक गुण जातो आणि आघाडी पुसली जाते. ती दमलेल्या हुकमी गड्याने करायची की बाकावरच्या ताज्या पोराने, हे सरांना टाइम-आउटच्या 30 सेकंदांत, एका हाताने पाण्याची बाटली पुढे करत आणि दुसऱ्या हाताची तीन बोटे नाचवत ठरवावे लागते. प्रेक्षक तोच प्रश्न मिरजेपासून कवठ्यापर्यंत एसटीत सोडवतात, आणि निकाल आधीच ठाऊक असल्याने त्यांचे उत्तर कधी चुकत नाही.

त्यातच याच जिल्ह्यातील कासेगावच्या काशिलिंग आडकेने 2014 पासून प्रो कबड्डीत दिल्लीकडून चढाया गाजवल्या, तेव्हापासून प्रत्येक बाकावर एक काशिलिंग बसला आहे आणि सर त्याला मुद्दाम उठवत नाहीत, असा समज दृढ झाला. उलट, मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी असताना केलेल्या पकडीला एक गुण जादा मिळतो, तिला अव्वल पकड म्हणतात. तिच्या आशेने सर शांत उभे राहिले, तर त्या शांततेला झोप हे नाव मिळते.

या टीकाकारांत द्राक्षबागाईतदार पुष्कळ असतात, आणि धीर त्यांना कोणी शिकवावा असे नाही, कारण बेदाणा होण्यासाठी ते शेडमध्ये पंधरा-वीस दिवस द्राक्षांकडे पाहत बसतात. तीस सेकंदांचे मात्र त्यांना जमत नाही. अशाच एखाद्या जाणकाराने फळछाटणी, म्हणजे घड यावेत म्हणून साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात केली जाणारी छाटणी, आठ दिवस आधी उरकलेली असते, नेमका फुलोऱ्यात पाऊस येतो, दावण्या रोग पडतो, आणि शेजारी विचारतो की जरा थांबायला काय झाले होते. त्यावर येणारे उत्तर ठरलेले असते: "बांधावर उभं राहून सांगाय काय जातंय!"