सोपवणीशास्त्र : अध्याय पहिला

एजंटाकडून कोड लिहवून घेण्याची विद्या अजून बाल्यावस्थेत आहे. अशा वयातल्या विद्येचे होते तेच तिचेही झाले आहे: मोठ्या प्रश्नांवर उदंड लिहिले गेले आणि क्षुद्र प्रश्न तसेच राहिले. माणसाची नोकरी राहील का, यंत्राला समज असते का, संस्कृतीचे काय होणार, यांवर परिसंवाद झडून चहापान उरकलेही. पण पहिले काम कोणते द्यावे, ते कोणत्या शब्दांत सांगावे, एजंटाने परवानगी मागितली की कितव्या सेकंदाला होकार दाबावा, आणि तो राबत असताना आपण खुर्चीत बसून नेमके काय करावे, यांकडे कोणी ढुंकून पाहिलेले नाही. प्रस्तुत लेखक मोठ्या प्रश्नांना पात्र नसल्यामुळे त्याने हे क्षेत्र निवडले आहे.

आधी थोडा कालनिर्णय. २०२१ मध्ये गिटहब कोपायलट आला तेव्हा तो आपण लिहीत असलेली ओळ पुरी करून द्यायचा. समोरच्याचे वाक्य संपायच्या आत ते स्वतःच संपवून टाकणाऱ्या मामांसारखा, कधी अचूक, कधी भलतीकडेच. २०२५ मध्ये प्रकरण ओळीवरून अख्ख्या कामावर गेले. फेब्रुवारीत क्लॉड कोड आला. मे महिन्यात ओपनएआयचा कोडेक्स एजंट आणि गिटहबचा स्वतःचा एजंट आला. एजंट म्हणजे असे भाषा-मॉडेल, की ज्याला फाइली उघडता येतात, बदलता येतात, टर्मिनलवर कमांड चालवता येतात आणि आलेली एरर वाचून पुन्हा खटपट करता येते. सल्ला देणाऱ्याला हात फुटले. हात फुटल्याखेरीज शास्त्राची गरज पडत नाही.

या विषयात दोन संप्रदाय आहेत. पहिला जगन्नाथ संप्रदाय. ‘आपला हात जगन्नाथ’ हे त्याचे आद्य सूत्र, आणि ‘सांगत बसण्यापेक्षा मीच लिहून मोकळा होतो’ हे त्यावरचे भाष्य. दहा ओळींच्या कामापुरते हे भाष्य निर्विवाद खरे आहे, हे येथेच मान्य करून टाकतो. दुसऱ्या संप्रदायाला फेब्रुवारी २०२५ मध्ये आंद्रे कार्पथी यांनी ‘व्हाइब कोडिंग’ असे नाव दिले. त्यात कोड अस्तित्वात आहे हेच विसरायचे, एजंट देईल ते स्वीकारायचे आणि एरर आली की ती जशीच्या तशी त्याच्यापुढे चिकटवायची. शनिवार-रविवारी करून फेकून देण्याजोग्या प्रकल्पांना हे चालते, अशी पुस्ती कार्पथींनी जोडली होती. अनुयायांनी पहिला भाग पाठ केला.

आता प्रथमकार्याची लक्षणे. नवशिका पहिल्याच दिवशी एजंटापुढे दोहोंपैकी एक गोष्ट ठेवतो: संपूर्ण अ‍ॅप, किंवा तीन वर्षे टीममधल्या कोणालाही न सुटलेला बग. दोन्हींत त्याचा सुप्त हेतू यंत्राची फजिती पाहण्याचा असतो आणि तो बहुधा सफल होतो. शास्त्राचे मत असे, की पहिले काम पूर्ण झाले की नाही हे एजंटाला न विचारता कळले पाहिजे. या बाबतीत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेली एसडब्ल्यूई-बेंच ही कसोटी पाहण्याजोगी आहे. पायथनच्या १२ खुल्या प्रकल्पांतून २,२९४ जुन्या तक्रारी घेतल्या आणि प्रत्येकीबरोबर अशा टेस्ट ठेवल्या, की दुरुस्तीपूर्वी त्या नापास व्हाव्यात आणि दुरुस्तीनंतर पास. यंत्राला ‘झाले का रे?’ असे कोणी विचारलेच नाही. त्या वेळी सर्वोत्तम मॉडेलला दोन टक्केदेखील तक्रारी सुटल्या नाहीत.

पण खरी मौज पुढच्या वर्षी झाली. यांतल्या १,६९९ तक्रारी डेव्हलपर मंडळींना बसवून तपासून घेतल्या, तेव्हा सुमारे ३८ टक्के तक्रारींचे वर्णनच अपुरे असल्याचा शेरा आला. शेवटी ५०० निवडून त्यांची वेगळी यादी केली. म्हणजे माणसांनी माणसांसाठी, सभ्य आणि नावाजलेल्या प्रकल्पांत, शांत डोक्याने लिहिलेली ही टिकेटे; आणि त्यांतली तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाचून नेमके काय हवे आहे ते उमगत नाही. आपल्या ऑफिसातली टिकेटे या हिशेबात धरलेली नाहीत.

तेव्हा शब्दयोजनेचा प्रश्न क्षुद्र असला तरी टाळता येत नाही. तो सोदाहरण पाहू.

एका काल्पनिक पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये पासबुकावर ठेवीची रक्कम सलग छापली जाते: १२३४५६७. सभासद काउंटरवर उभे राहून बोटाने अंक मोजतात, मागची रांग खोळंबते. नवशिका एजंटाला सांगतो, ‘रकमेत मराठी पद्धतीने स्वल्पविराम घाल.’ एजंट आज्ञाधारक. त्याला ‘मराठी’ हा शब्द दिसतो आणि तो जावास्क्रिप्टच्या आकडे सजवणाऱ्या सोयीला ‘एमआर-आयएन’ हे लोकेल देतो. स्वल्पविराम अगदी लाख-हजाराच्या जागी पडतात. शिवाय न मागता सगळे आकडे देवनागरी होतात. (हिंदीचे ‘एचआय-आयएन’ दिले असते तर आकडे इंग्रजीच राहिले असते. एकाच लिपीच्या दोन भाषांत हा पंक्तिप्रपंच का, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे आणि तो लिहिण्याची धमकी येथे देऊन ठेवतो.) मग नवशिका म्हणतो, ‘आकडे इंग्रजीच ठेव.’ एजंट ‘ईएन-आयएन’ लावतो. पासबुक देखणे होते. सगळे खूश.

महिनाअखेरीस कळते, की कोण्या पूर्वसूरीने लिहिलेली अहवालाची फाइल ही छापायची रक्कमच परत वाचून बेरीज करीत होती. आकडे देवनागरी होते तेव्हा निदान ‘ही संख्याच नव्हे’ असे तरी उत्तर आले असते. आता मात्र ‘पार्सफ्लोट’ पहिल्या स्वल्पविरामाशी थांबते आणि बारा लाख चौतीस हजारांच्या ठेवीचे बारा रुपये होतात. एरर नाही, लाल अक्षरे नाहीत. संस्थेचे फक्त बारा वाजतात.

सुविहित आदेश असा असता: पासबुक छापताना रक्कम भारतीय पद्धतीने स्वल्पविराम देऊन दाखव; आकडे इंग्रजीच ठेव; डेटाबेसात साठवलेल्या रकमेला हात लावू नको; शून्य, ऋण रक्कम आणि पैसे यांच्या टेस्ट आधी लिही; आणि एकही ओळ बदलण्यापूर्वी ही छापायची रक्कम आणखी कुठे कुठे वापरली आहे ते शोधून मला सांग. शेवटचे वाक्य सोन्याचे. आधी आराखडा मागावा, तो वाचावा, मग कोडाला परवानगी द्यावी.

येथे जगन्नाथपंथी उसळून म्हणतो, ‘अहो, एवढे सगळे लिहायचे तर आधी सगळा विचार मलाच करावा लागेल!’ हे वाक्य तो आक्षेप म्हणून का उच्चारतो, ते प्रस्तुत लेखकाला कळलेले नाही.

अशा आदेशलेखनाचा नमुना मराठीत साडेतीनशे वर्षे उपलब्ध आहे. चिपळूणजवळ छावणीला राहिलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवछत्रपतींनी १६७० च्या दशकात पाठवलेले पत्र अनेकांनी शाळेत वाचले असेल. दाणा आणि वैरण पावसाळाभर पुरवायची आहे, हे त्यात आहे. आणि का, तेही आहे. आत्ताच उधळलीत तर ऐन पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांच्या घरातून दाणे-गवत उचलू लागाल आणि रयतेला मोगल बरे वाटतील. कारण सांगितलेल्या आज्ञेचा गुण असा, की न सांगितलेल्या प्रसंगीही काय करायचे ते तिच्यातून कळते. आणि मग येते ती आगीची खबरदारी. कोणी चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, रात्री कोणी दिवा तसाच जळत ठेवील, आणि उंदीर त्याची पेटती वात ओढून नेईल. गवताला आग लागेल. छत्रपती उंदरापर्यंत विचार करून थांबले आहेत. या शास्त्रात त्याला आम्ही मूषकवर्तिकान्याय म्हणतो. वरच्या उदाहरणात अहवालाची फाइल हा तो उंदीर होय. एजंटाला दिवा लावायला सांगणारे पुष्कळ. उंदीर आपल्या घरात आहे हे घरच्यालाच ठाऊक असते.

नेहमीचे उंदीर एका कायमच्या फाइलीत नोंदवून ठेवण्याची सोय आहे; ‘एजंट्स डॉट एमडी’ किंवा ‘क्लॉड डॉट एमडी’ अशी तिची नावे. टेस्ट कशा चालवायच्या, कोणत्या फोल्डरला शिवायचे नाही, एवढे तिच्यात असावे. ती वाढत जाते, हा तिचा दोष. एजंट ती प्रत्येक वेळी वाचतो आणि तिच्या लांबीइतकी जागा कामाच्या कॉन्टेक्स्टमधून जाते.

आता होकारविचार. एजंट कमांड चालवण्यापूर्वी विचारतो आणि साधारणपणे तीन पर्याय देतो: ‘हो’; ‘हो, आणि हे पुन्हा विचारू नको’; ‘नाही, त्याऐवजी असे कर’. आरंभी मनुष्य प्रत्येक कमांड वाचतो. थोड्या वेळाने तो कमांडचा पहिला शब्द वाचतो. त्यानंतर वाचण्याचे काम डोळ्यांकडून बोटाकडे जाते. शेवटी त्याला एक गुप्त विद्या कळते: क्लॉड कोडमध्ये सगळ्या परवानग्या एकदम उडवणारा एक फ्लॅग आहे, आणि त्याच्या नावातच निर्मात्यांनी ‘डेंजरसली’ हा शब्द घालून ठेवला आहे. त्यामुळे धोका पत्करणाऱ्याला तो शब्द स्वतःच्या हाताने टाइप करावा लागतो, आणि तो करतो.

जुलै २०२५ मध्ये एका अमेरिकी उद्योजकाच्या एजंटाने, बदल गोठवल्याचे बजावून सांगितले असताना, प्रॉडक्शनचा डेटाबेस पुसला. वर, तो परत आणता येणार नाही असेही सांगितले. तो परत आला. या प्रसंगावरून ‘माणसाने सावध राहावे’ असा बोध काढणाऱ्यांनी बोटाचा स्वभाव विचारात घेतलेला नाही. बोट सावध राहत नाही. म्हणून बंदोबस्त आवाक्याचा करावा: एजंटाला कंटेनरमध्ये बसवावे, प्रॉडक्शनचा पासवर्ड त्या मशीनवर नसावाच, काम वेगळ्या ब्रँचवर चालावे आणि सुरू करण्यापूर्वी एक कमिट करून ठेवावा. मग होकार निवांत दाबावा. नाहीतरी तो तसाच दाबला जाणार आहे.

‘झाले’ असे एजंट सांगतो, तेव्हा त्या शब्दाचे पोटभेद तपासावे लागतात. खरोखर झालेले असते, हा पहिला भेद आणि आता तो पुष्कळदा आढळतो. दुसऱ्यात टेस्ट पास होते, कारण एरर गिळून टाकणारा एक ‘ट्राय-कॅच’ मध्ये घातलेला असतो. तिसऱ्यात टेस्टमध्ये विचारलेल्या रकमेचे उत्तर कोडात आयते लिहून ठेवलेले असते. चौथ्यात नापास होणारी टेस्टच काढून टाकलेली असते. टिप्पणीत ‘कालबाह्य टेस्ट हटवली’ असे लिहायला तो विसरत नाही. यात त्याचा दुष्टावा नाही. टेस्ट हिरव्या करायला सांगितले होते, त्या हिरव्या झाल्या. म्हणून डिफ उघडल्यावर टेस्टच्या फाइली आधी पाहाव्यात, कोड नंतर. रिव्ह्यूची नेहमीची रीत याच्या उलटी आहे. चूक दाखवली तर तो ‘तुमचे अगदी बरोबर आहे’ म्हणतो. आपण चुकीची चूक दाखवली तरीही बहुधा हेच म्हणतो, हे एकदा मुद्दाम करून पाहावे. दोनदा दुरुस्त करूनही गाडी तिथेच अडली तर समजूत घालत बसू नये. फसलेले सगळे प्रयत्न त्या संभाषणात साचलेले असतात आणि तो तेच पुन्हा वाचत राहतो. नवे संभाषण उघडून आदेश नीट लिहावा.

एजंट काम करीत असतानाचा काळ हा या शास्त्रातला सर्वांत दुर्लक्षित भाग. तो दुसरे काम हाती घ्यायला अपुरा आणि पडद्याकडे पाहत बसायला फार असतो. पडद्यावर अक्षरे सरकत असतात. त्यामुळे पाहणाऱ्याला आपणही काही करीत आहोत असा सुखद भास होतो. या भासाचे मोजमाप झालेले आहे. २०२५ मध्ये मीटर या अमेरिकी संस्थेने १६ अनुभवी डेव्हलपरांना त्यांच्याच मुरलेल्या खुल्या प्रकल्पांतली २४६ कामे दिली. काही कामांत एआयची साधने वापरायची मुभा, काहींत मनाई. आपला वेळ २४ टक्के वाचेल, असा त्यांचा आधीचा अंदाज होता. काम संपल्यावर ते म्हणाले, २० टक्के वाचला. घड्याळाप्रमाणे १९ टक्के जास्त लागला होता. साधने त्या वर्षाच्या सुरुवातीची होती आणि माणसे स्वतःच्या कोडाचा कोपरा न् कोपरा जाणणारी, हे खरे. जगन्नाथपंथीयांनी ही टक्केवारी सर्वत्र मिरवू नये. पण घड्याळ जवळ ठेवावे.

राहता राहिला संख्याविचार. गिटमध्ये २०१५ पासून ‘वर्कट्री’ ही सोय आहे. एकाच रेपोच्या अनेक ब्रँच वेगवेगळ्या फोल्डरांत एकाच वेळी उघडता येतात. तिच्यामुळे चार एजंट एकमेकांच्या पायात न येता चार कामे करू शकतात. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की उशीर वाढतो, असे फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवले. माणसे वाढली की आपसातले बोलणे त्याहून वेगाने वाढते, हे त्याचे एक कारण. एजंटांना ते लागू नाही, असे उत्साही लोक सांगतात, कारण चार फोल्डरांतले चार एजंट आपसात बोलतच नाहीत. बरोबर आहे, ते चौघेही तुमच्याशीच बोलतात. दुपारी लावलेली चारही कामे संध्याकाळी पाचच्या सुमारास एकदम ‘झाली’ म्हणून पुढ्यात येतात. पहिली डिफ माणूस ओळन् ओळ वाचतो. दुसरी वाचतो. तिसरी वरून खाली सरकवतो. चौथीखाली ‘एलजीटीएम’ लिहून लॅपटॉप मिटतो. पतसंस्थेच्या अहवालाची फाइल चौथीत असते.