ट्यूबसाधक

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या मध्यमवयीन आणि बहुधा अभियंता असलेल्या गृहस्थांत एक वर्ग असा आढळतो, की ज्याचे वादन पंधरा वर्षांपूर्वी एका जागी स्थिरावलेले असते, परंतु प्रीॲम्पला साजेशा पॉवर ॲम्पचा शोध मात्र अद्याप चालूच असतो. या वर्गातील व्यक्तीस सोयीसाठी ट्यूबसाधक म्हणता येईल. गिटारच्या पिकअपमधून निघणारा विद्युत्संकेत अत्यंत क्षीण असतो. त्यातील खर्ज आणि उंच स्वरांचा तोल साधण्याचे व हवी तेवढी खरखर त्यात मिसळण्याचे काम प्रीॲम्प करतो, तर नटवून दिलेल्या त्या संकेताला स्पीकर हलवण्याइतके बळ पॉवर ॲम्प पुरवतो. एकाकडे शृंगार, दुसऱ्याकडे पालखी. हे पालखीचे काम ट्रान्झिस्टर स्वस्तात आणि निमूटपणे करतो, हे साधकाला पुरते ठाऊक असते. पण निमूटपणा हाच त्याच्या लेखी दोष होय. त्याला ट्यूब हवी असते, म्हणजे आजोबांच्या रेडिओत असे तोच काचेचा व्हॉल्व्ह, ज्यातील तंतू तापून लाल झाल्याखेरीज आवाज फुटत नसे.

ट्यूब घ्यायची हे ठरले तरी घराण्याचा प्रश्न उरतोच. १९३६ साली अमेरिकेत आलेली सिक्स-एल-सिक्स स्वच्छ आणि भरदार मानली जाते, तर युरोपातील ईएल-३४ मधल्या पट्टीत गुरगुरणारी म्हणून ओळखली जाते; आणि साधक यांतील एकीचा गंडा बांधून दुसरीविषयी जुन्या गवयांच्या तोऱ्यात बोलतो. गंमत अशी, की ईएल-३४च्या इंग्रज घराण्याचा मूळपुरुष, म्हणजे लंडनच्या जिम मार्शल यांच्या दुकानात १९६२च्या सुमारास तयार झालेला ॲम्प, हा फेंडरच्या बासमन या अमेरिकी ॲम्पच्या आराखड्यावरूनच बेतलेला होता आणि त्यात ईएल-३४ नव्हतीच. हा तपशील साधकाला पाठ असतो. त्याने वादात फरक पडत नाही. खरा पेच निराळाच असतो: प्रीॲम्पने आवाजाचा रंग आधीच ठरवलेला असेल तर पॉवर ॲम्प पारदर्शक हवा, आणि पारदर्शकच हवा तर ट्यूब कशाला, या प्रश्नापाशी साधक दर रविवारी पोहोचतो आणि जेवायला उठतो.

अखेर निवड होते ती १०० वॅटच्या यंत्राची. ५० वॅटच्या तुलनेत त्याचा आवाज अवघा ३ डेसिबलने चढतो आणि कानाला दुप्पट वाटावा एवढा आवाज हवा असेल तर शक्ती दहापट लागते, हे गणित साधकच इतरांना समजावून सांगत असतो; तरीही ५० हा आकडा त्याला अर्धवट वाटतो. पंधरा-वीस किलोंचे ते धूड अमेरिकेहून येणाऱ्या मेव्हण्याच्या बॅगेतून, मेव्हण्याच्या कपड्यांना रजा देऊन, पुण्यात दाखल होते आणि १२० व्होल्टवर चालणाऱ्या त्या यंत्राला इथल्या २३० व्होल्टशी जुळवून घेता यावे म्हणून आणखी एक ट्रान्सफॉर्मर पलंगाखाली सरकवला जातो. स्पीकर जोडल्यावाचून ट्यूब ॲम्प वाजवल्यास त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, म्हणून घरच्यांसाठी ‘वायर काढू नये’ अशी चिठ्ठी मागे चिकटवलेली असते.

ज्या गुणासाठी हा खटाटोप, तो मात्र पूर्ण आवाजातच प्रकट होतो. ट्यूबांना शिकस्तीने ताणले की आतील वीजपुरवठ्याचा दाब क्षणभर खचतो, सूर किंचित दबतो आणि मग उसळून वर येतो. या खचण्याला जाणकार ‘सॅग’ म्हणतात आणि त्याविषयी बोलताना त्यांचे डोळे आपोआप मिटतात. आता गिटारसाठी सर्रास वापरला जाणारा एखादा स्पीकर १ वॅटवरच एक मीटर अंतरावर १०० डेसिबलच्या आसपास आवाज देतो, आणि सदनिकेत पाव वॅट ओलांडण्यापूर्वीच खालच्या मजल्यावरचे काका चप्पल न घालता वर आलेले असतात. “अरे, आमच्याकडे पाहुणे आलेत,” एवढेच ते म्हणतात. साधक “हो काका, सॉरी” म्हणून बटण मागे फिरवतो आणि उरलेली ९९.७५ वॅट शक्ती काचेच्या चार नळ्यांत तशीच तिष्ठत राहते. मग तो बायस तपासतो, म्हणजे ट्यूबमधून स्वस्थ स्थितीत वाहणारा प्रवाह ३९ मिलिॲम्पिअर आहे की ३८, हे मीटर लावून पाहतो. त्यासाठी आवाज करावा लागत नाही. डिसेंबरात त्याच्या आई शेजारी खुर्ची ओढून बसतात, कारण ऊब चांगली येते.

दोन-अडीच वर्षांनी ईएल-३४वरील श्रद्धा ढळते आणि यंत्र विकायला निघते. त्याच्या व्हॉल्यूमच्या बटणाभोवती शून्य ते दीड एवढाच भाग बोटांनी पुसट झालेला असतो. दोनपासून दहापर्यंतचे आकडे कारखान्यातून आले तसे लखलखीत असतात. जाहिरातीत साधक मोठ्या अभिमानाने लिहितो: घरगुती वापर, एकच मालक, पूर्ण आवाजात कधीही वाजवलेला नाही.