खोबरं

काळा शर्ट घालू नकोस, हे बुवाला मी किमान वीस वेळा सांगितलं असेल. तो घालतो. घालतो, समोरच्या खुर्चीत येऊन बसतो आणि दाढी खाजवतो. पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण असा एक नग प्रत्येक ऑफिसात असतोच. छातीवर पांढरं भुरभुरतं, तो दोन बोटांनी टिचकी मारून ते उडवतो, बहुतेक वेळा माझ्या चहाच्या दिशेनं, आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणतो, "खोबरं आहे."

पहिल्यांदा मी विश्वास ठेवला. सकाळची वेळ होती, कॅन्टीनमध्ये पोहे होते, पोह्यांवर खोबरं होतं. पण मिसळ खातानाही खोबरंच पडलं. मिसळीवर फरसाण असतं, कांदा असतो, शिंपडलेलं खोबरं मी तरी पाहिलेलं नाही. आषाढी एकादशीला तर सकाळपासून त्याच्या पोटात चहाशिवाय काही गेलं नव्हतं. टिचकी. "खोबरं आहे." कोंड्याचा मांडा करावा म्हणतात, बुवानं सरळ खोबरं केलं.

मध्यंतरी त्यानं मेट्रोवर खापर फोडून पाहिलं. राहायला कोथरूडला, कर्वे रस्ता खोदलेला, तेव्हा 'धूळ आहे' हे कसं चपखल बसायचं. पण मार्च 2022 मध्ये वनाजपासून गरवारे कॉलेजपर्यंत मेट्रो धावू लागली आणि बुवा निमूटपणे नारळाकडे परतला.

ही दाढी 2020 च्या टाळेबंदीतली. सलूनं बंद होती, सगळ्यांचीच वाढली होती. सलूनं उघडली तशा आम्ही उतरवल्या. बुवानं ठेवली, आणि नवशिका माळी गुलाब जपतो तशी जपली. 'कोंडा' हा शब्द त्याच्यासमोर वर्ज्य. 'ड्रायनेस' म्हणायचं. आणि ड्रायनेस म्हटल्यावर तेल आलंच. आधी खोबरेल, मग बदामाचं, मग ऑनलाइन मागवलेलं चंदनाच्या वासाचं, एवढीशी बाटली, आणि तेवढ्या पैशांत आमच्या घरी महिनाभर फोडण्या झाल्या असत्या. एका रविवारी दही-बेसन थापून बसला होता, तर वहिनी म्हणाल्या, "आता हिंग-मोहरी घातली की झालं." वर हा माणूस इतरांना सल्ले देतो. नव्याने लागलेल्या पोराला सांगत होता, "कढत पाण्यानं धुवायची, अंगाचाच साबण लावायचा आणि नखांनी खरवडून काढायची." कातडीचा सत्यानाश करायच्या तीन खात्रीशीर वाटा त्यानं एका दमात सांगितल्या.

शेवटी मीच त्याला स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. परोपकार वगैरे काही नाही, चहाचा प्रश्न होता. बाईंनी भिंगातून दाढीची मुळं पाहिली, मग भुवया, मग नाकाच्या कडा. म्हणाल्या, "ही कोरडी कातडी नाही, तेलकट आहे. सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात." मॅलॅसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर असते, कातडीतल्या तेलावर जगते. काहींची कातडी तिच्यावर चिडते, लाल होते, पापुद्रे सोडते.

"म्हणजे मी तेल लावत होतो ते..."

"तिला जेवायला वाढत होतात."

बुवा क्षणभर गप्प बसला. मग त्याचा चेहरा उजळला. "खोबरेल तेल! म्हणजे शेवटी खोबरंच ना?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरकडे पाहिलं.

तेल बंद, पाणी कोमट, आठवड्यातून दोनदा दोन टक्के कीटोकोनॅझोलचा शाम्पू. तो केसांना नाही, खालच्या कातडीला चोळायचा आणि पाच मिनिटं ठेवून धुवायचा. मुळापासून जाणार नाही, आटोक्यात राहील, थंडीत आणि ताण वाढला की पुन्हा डोकं वर काढेल, हेही त्यांनी सांगितलं. "आणि दाढी उतरवलीत तर बराच फरक पडेल." बुवा ताडकन उठला. कुणी मालमत्तेवर हक्क सांगितल्यासारखा.

शाम्पू त्यानं महिनाभर लावला. बरं वाटलं. बरं वाटल्याबरोबर औषध बंद करायचं, हा तर आपल्याकडचा सर्वमान्य उपचार. पंधरा दिवसांत खोबरं परत.

गेल्या वर्षी बुवाचे वडील गेले. दहाव्याला ओंकारेश्वरावर आम्ही चारपाच जण होतो. न्हावी वस्तरा परजून तयारच होता. जी दाढी बायको, डॉक्टर आणि मी मिळून उतरवू शकलो नव्हतो, ती पाच मिनिटांत पायरीवर पडली. आत इतका लहान चेहरा असेल असं वाटलं नव्हतं. पाटावरून उठताना त्याचा हात सवयीनं वर गेला, हनुवटीपाशी थांबला आणि तसाच खाली आला.

त्यानंतर कातडी नितळ झाली. बाईंचं म्हणणं खरं ठरलं. तो काळा शर्ट घालून समोर बसायचा, शर्टावर काही नसायचं, चहात काही पडायचं नाही. चहा बेचव लागत होता असं मी म्हणणार नाही, चहा चांगलाच लागत होता. पण तो मुकाट बसायचा, टेबलावरच्या पिना एका रांगेत लावायचा आणि माझ्याशी बोलायला त्याच्याकडे काही नसायचं. माझ्याकडेही नसायचं. मी एकदा मुद्दाम पोहे मागवले. त्यानं खोबरं बाजूला सारून खाल्ले.

दिवाळीनंतर दाढी पुन्हा दिसू लागली. डिसेंबरातल्या एका सोमवारी, कॅन्टीनला सुट्टी होती तेव्हा, त्यानं ती खाजवली. काळ्या शर्टावर दोनचार पांढरे कण पडले. बुवानं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही बोलला नाही.

"खोबरं आहे," मीच म्हणालो, आणि चहाचा कप जरा अलीकडे ओढून घेतला.

त्यानं टिचकी मारली.