जेम्सच्या बायकोला माझी चित्रं आवडतात

शाळेत चित्रकला शिक्षकाला कौतुकाची सवय लागत नाही. "सर, तुमचा आजचा तास गणिताला देता का, पोर्शन राहिलाय," या वाक्यापलीकडे चौतीस वर्षांत माझी कुणी फारशी दखल घेतली नाही. निवृत्तीनंतर जलरंगात मनसोक्त काम सुरू केलं. साताऱ्याहून उठायचं, वाईला जायचं आणि मेणवलीच्या घाटावर बोर्ड मांडून बसायचं. नाना फडणवीसांचा वाडा, पायऱ्या, कृष्णेचं पाणी आणि चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर तिथून आलेली ती प्रचंड घंटा. ही घंटा मी इतक्यांदा रंगवली आहे, की घरातल्या प्रत्येक खोलीत एकेक टांगून झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, आता वेबसाइट काढू या."

काढली. पहिले आठ महिने तिच्यावर येणारे दोनच जण होते, मी आणि भाचा. मग एका सकाळी जेम्सची ईमेल आली.

जेम्सची बायको म्हणे त्याच्या लॅपटॉपवर माझी चित्रं बघत बसली होती आणि बघता बघता भारावून गेली. त्यालाही माझी शैली भावली. लग्नाचा वाढदिवस जवळ आलेला, तिला न सांगता भेट द्यायची होती. कोणती चित्रं शिल्लक आहेत आणि किंमत काय, एवढं त्याला तातडीने हवं होतं.

ही ईमेल मी चार वेळा मनात वाचली आणि पाचव्यांदा स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने. आमची ही एकतीस वर्षं बँकेत होती, त्यातली बरीचशी क्लिअरिंगमध्ये. मेथी निवडता निवडता तिने विचारलं, "कुठलं चित्र आवडलं, ते लिहिलंय का?"

"नाही. सगळीच आवडली असतील."

"अहो, तुमचं नाव तरी लिहिलंय का?"

"'डिअर आर्टिस्ट' लिहिलंय."

"म्हणजे 'प्रिय खातेदार'," ती म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.

मला राग आला. चौतीस वर्षांनी कुणाची तरी बायको माझी चित्रं बघून भारावते आणि माझी बायको मेथी निवडते! पण शंकेचा किडा एकदा वळवळला की रात्रभर वळवळतो. मी खऱ्या गिऱ्हाइकांची आठवण काढू लागलो. आपल्याकडे चित्र विकत घेणारा माणूस चित्राकडे शेवटी बघतो. आधी विचारतो, "फ्रेमसकट का?" मग, "यात निळा जरा कमी असलेलं नाही का, आमचा सोफा मरून आहे." मग आठ हजार ऐकून, "सर, कागद किती रुपयांचा असतो हो?" एका गृहस्थाने तर माझ्यासमोर कागद, रंग आणि वाईचं एस.टी. भाडं यांची बेरीज करून माझा नफा काढून दाखवला होता. या माणसांनी मला खूप छळलं, पण एकानेही फसवलं नाही. जेम्सने मात्र आकार विचारला नाही, कागद विचारला नाही, सोफ्याचा तर विषयच नाही.

मग मी शाळामास्तरी डाव टाकला. न वाचता उत्तर लिहिणारा मुलगा ओळखायला आम्ही धड्यात नसलेला प्रश्न विचारायचो. मी कळवलं, की 'मोरीतला गळका नळ' हे माझं गाजलेलं चित्र सध्या उपलब्ध आहे, किंमत ९०० डॉलर. असं चित्र मी काढलेलं नाही, नळ तेवढा खरा आहे. दोन तासांत उत्तर आलं. नेमकं तेच चित्र बघून त्याच्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. किंमत मान्य.

घासाघीस नाही! माझ्या दृष्टीने पुरावा तिथेच पुरा झाला. पण कथा रंगात आली होती, म्हणून चालू ठेवली. जेम्स निघाला जहाजावरचा इंजिनिअर. समुद्रात रेंज नसल्याने फोनवर बोलता येत नाही, ईमेलला मात्र रेंज भरपूर. त्यातच त्यांचं घर बदलणं चाललेलं, त्यामुळे सामान हलवणारा त्याचा माणूसच नळ घेऊन जाणार. पैसे बँकर्स चेकने येणार होते. फक्त सेक्रेटरीच्या चुकीमुळे चेक ३,४०० डॉलरचा निघाला होता. वरच्या २,५०० मधले पन्नास डॉलर त्रासाबद्दल स्वतःला ठेवून बाकीचे मी त्या सामानवाल्याला पाठवून द्यावेत.

इथे हिने मेथी बाजूला ठेवली. "चेक जमा झाला म्हणजे पैसे आले असं नसतं," तिने सुरुवात केली आणि मला तिच्या ऑफिसात उभं असल्यासारखं वाटलं. परदेशी चेक वसुलीला जातो, त्यात कित्येक आठवडे जातात. अमेरिकेत तर गंमत आणखी. तिथल्या कायद्याप्रमाणे बँकेला अशा चेकची रक्कम एकदोन दिवसांतच खातेदाराला वापरायला द्यावी लागते. चेक बनावट आहे हे मात्र आठवड्यांनी उघड होतं. मधल्या दिवसांत खात्यात जे दिसतं, ते उसनं असतं. तुम्ही सामानवाल्याला पाठवता ते मात्र तुमचे स्वतःचे. चेक परत आला की बँक सगळी रक्कम तुमच्याच खात्यातून वळती करते आणि वर दंड लावते. सामानवाला आणि जेम्स हे एकच गृहस्थ असतात.

न्यू जर्सीतल्या माझ्या पुतणीचं असंच झालं. ती हौसेने वारली शैलीतली चित्रं विकते. चेक भरला, तिसऱ्या दिवशी खात्यात रक्कम दिसली, तिने भाबडेपणाने 'जास्तीचे' पुढे पाठवले. बाराव्या दिवशी चेक परत. "काका, मी इंजिनिअर आहे हो," ती फोनवर रडवेली होऊन सांगत होती. मी म्हटलं, अगं, तोही इंजिनिअरच होता.

मला आधी वाटायचं, की इतकी ढोबळ पत्रं लिहिणारा चोर अडाणी असावा. २०१२ साली मायक्रोसॉफ्टमधल्या कॉर्मॅक हर्ली नावाच्या संशोधकाने यावर एक निबंध लिहिला आणि उलटंच मांडलं. पत्र मुद्दाम ढोबळ असतं. शहाण्या माणसाने पहिल्याच ओळीला हसून ते पुसून टाकावं, हीच चोराची इच्छा, कारण शहाण्यावर वेळ घालवणं त्याला परवडत नाही. म्हणजे ही चाळणी आहे. तिच्यातून गळून न जाता वर राहतो तो खडा चोराच्या कामाचा. मी पाच वेळा वाचलं होतं, हे मी हिला आजतागायत सांगितलेलं नाही. पाचव्यांदाचं तेवढं तिला माहीत आहे.

या धंद्याला जगभर 'फोर नाइन्टीन' म्हणतात, नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातल्या ४१९व्या कलमावरून. आपल्या जुन्या दंडसंहितेतही ४१९ म्हणजे तोतयेगिरीच होती आणि शेजारी आपला लाडका ४२०. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता लागू झाली आणि फसवणूक ३१८व्या कलमात राहायला गेली. कायद्याचं ठीक आहे, पण "तो तीनशे अठरा आहे" म्हटल्यावर कुणाला राग येणार?

जेम्स गेला, पण माझा पत्ता बिरादरीत पोहोचला असावा. एक मेजरसाहेब फोनवर आले. मेससाठी सहा चित्रं हवी होती. आवाजात शिस्त, मागे कुणीतरी "सर सर" करतंय. त्यांनी क्यूआर कोड पाठवला, "स्कॅन करा, पिन टाका, तुमचे पैसे येतील." पिन टाकून पैसे जातात, येत नाहीत, हे मला आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीने शिकवलं आहे. तिच्याकडे रोज दहा वेळा पैसे येतात आणि ती कोथिंबिरीवरचा हातसुद्धा काढत नाही. मी मेजरसाहेबांना म्हटलं, मेसमधून कुणाला तरी रोख घेऊन पाठवा, चहा पाजतो. फौज माघारी गेली.

मग एका भाविकाला माझ्या पाच घंटा एनएफटी म्हणून, म्हणजे चित्राच्या डिजिटल मालकीपत्राच्या रूपात, हव्या होत्या, एकेक लाखालाखाला. त्याने दिलेल्या साइटवर आधी मी थोडी 'गॅस फी', म्हणजे व्यवहाराचं शुल्क, भरायची होती. "गॅसचे पैसे आपण भरायचे?" हिने आतून विचारलं. "मग सबसिडी कोण देणार?" एका ईमेलमध्ये तर पैसे जमा झाल्याची पावतीच होती, रंगीत, शिक्क्यासकट, पण पाठवणाऱ्याचा पत्ता उघडून पाहिला तर जीमेल. पावतीतल्या लिंकला हात न लावता मी स्वतः खातं उघडून पाहिलं. खातं होतं तसंच उपाशी. हिने कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर लिहून ठेवला आहे. पैसे गेलेच तर रडत न बसता पहिला फोन तिथे करायचा, अशी तिची आज्ञा आहे.

गेल्या महिन्यात नागपूरहून एक ईमेल आली. मेणवलीचं चित्र क्रमांक ११, विक्रीला आहे का? मी सवयीने कळवलं, की ते आहेच, शिवाय 'मोरीतला गळका नळ'ही आहे. उत्तर आलं: "तुमच्या साइटवर असं चित्र नाही. नीट वाचून उत्तर देत जा. अकराव्याचे आठ हजार जास्त होतात. कागद कोणता आहे? कुरिअर तुमच्याकडे का?"

मी उडालोच. "अगं, खरा आहे!" मी स्वयंपाकघरात ओरडलो. "घासाघीस करतोय!"

सहा हजार आठशेला ठरलं, कुरिअर माझ्याकडे. पैसे आधी आले, आणि ही पासबुक भरून आणेपर्यंत मी चित्राला हात लावला नाही. मग पाण्याच्या पाइपात नीट गुंडाळून पाठवलं. चौथ्या दिवशी त्यांचा निरोप आला, की चित्र पोचलं, पण स्क्रीनवर दिसत होता तेवढा निळा नाही.